रोज पाच शब्द

प्राथमिक शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, ५० गुणांचे. त्यांच्या तयारीचं कुठलंही पुस्तक उघडा, बरीचशी पानं प्राण्यांनी व्यापलेली दिसतील. कोणाच्या पिल्लाला काय म्हणायचं, कोण कसं ओरडतं, कोण कुठे राहतं. घोड्याचं पिल्लू फोल, घोड्याचं खिंकाळणं ने, घोड्याचं घर स्टेबल. सिंहांचा प्राइड, मधमाश्यांचा स्वॉर्म, चाव्यांचा बंच. तीन रकाने, वीस-पंचवीस ओळी, आणि खाली सूचना नसली तरी सगळ्यांना ठाऊक असलेली सूचना: पाठ करा.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत देशभर नाव असलेला घोडेबाजार. या बाजाराच्या आसपास वाढलेलं दहा वर्षांचं पोर घोड्याकडे बघतं ते व्यापाऱ्याच्या नजरेनं. चारी पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याण, गळ्याशी भोवरा म्हणजे देवमण, दातांवरून वय, चालीवरून किंमत. याच पोराला शाळेत फोल, ने आणि स्टेबल घोकावे लागतात. ते तो घोकतो, दोन गुण मिळवतो. बाजारातला घोडा आणि पुस्तकातला घोडा यांची गाठ मात्र पडत नाही. माझ्या काकानं सारंगखेड्याला घोडा घेतला, एवढं साधं वाक्य त्याच्याकडून इंग्रजीत कधी कोणी म्हणून घेतलेलं नसतं.

शब्दसंग्रह वाढवणं हा महाराष्ट्रातल्या शाळांचा जुना छंद आहे. नंदुरबारमध्ये तो छंद जरा वेगळ्या जमिनीवर उतरतो, म्हणून हा लेख.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा. सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत, त्यात आदिवासी ६९ टक्क्यांवर. साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर, राज्यात सगळ्यात कमी. तेव्हा राज्याची सरासरी ८२ होती. तापीकाठच्या सपाटीत केळी, ऊस, कापूस, मिरची. उत्तरेला सातपुडा, आणि त्यापलीकडे नर्मदा. अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाट, तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाट. पावसाळ्यात यातला एखादा बंद पडला की शाळेतले मास्तर, रेशनचं धान्य आणि परीक्षेच्या वह्या सगळेच खाली अडकून राहतात.

आता भाषांचं बघू. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. हद्द फलाटावरून जाते, आणि तिथे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत घोषणा होतात. पर्यटक हद्दीवरच्या बाकड्यावर बसून फोटो काढतात. चार भाषांचं त्यांना अप्रूप वाटतं. जिल्ह्यातल्या शाळकरी पोराला त्याचं काहीच वाटू नये, अशी त्याची रोजची परिस्थिती आहे. घरात पावरी, मावची, देहवाली, नोयरी किंवा भिलोरी. बाजाराच्या दिवशी अहिराणी, गुजरांच्या गावात गुजरी, सुरतेला कामाला गेलेल्या भावाच्या तोंडी गुजराती. मोबाइलवर हिंदी. शाळेत मराठी. जॉर्ज ग्रिअर्सननं १९०७ मध्ये भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग काढला, तो भिली भाषा आणि खानदेशीला वाहिलेला आहे; मावची, नोरी, पावरी यांच्या नोंदी त्यात वेगवेगळ्या आहेत. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या आयरिश अधिकाऱ्याला जे दिसलं, ते आपल्या दहावीच्या प्रवेशपत्राला अजून दिसलेलं नाही. तिथे मराठी ही प्रथम भाषा, हिंदी द्वितीय, इंग्रजी तृतीय. धडगाव तालुक्यात आदिवासी लोकसंख्या नव्वद टक्क्यांहून अधिक. तिथल्या मुलीची खरी मोजणी केली तर मराठी दुसरी, हिंदी तिसरी आणि इंग्रजी चौथी किंवा पाचवी येते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं पहिलीपासून हिंदीचा आदेश काढला, जूनअखेर तो मागे घेतला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. लहान मुलांवर तीन भाषांचं ओझं पडतं की नाही यावर मुंबई-पुण्यात रान पेटलं होतं. वाद महत्त्वाचाच होता. त्यात सातपुड्यातल्या पहिलीतल्या पोराची बाजू फारशी कोणाला आठवली नाही. मराठी हीच त्याच्यासाठी शाळेत भेटणारी पहिली परकी भाषा असते, हे त्या गदारोळात बोलायचं राहूनच गेलं.

इंग्रजी शब्दांच्या यादीशी याचा संबंध थेट आहे. आपल्याकडे इंग्रजी शब्द पाठ करायचा म्हणजे डावीकडे शब्द, मध्ये उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते, की उजवीकडचा अर्थ मुलाला आधीपासून कळतो. पुण्यातल्या सदाशिव पेठेत ते बहुतेक वेळा खरं असतं. मोलगीच्या आश्रमशाळेत उजवीकडे 'संदिग्ध', 'अनिच्छुक', 'आदरातिथ्य' असे शब्द दिसतात आणि दोन अनोळखी शब्द एकमेकांसमोर उभे राहतात. कॉन्शन्स या शब्दापुढे गाइडवाले 'सदसद्विवेकबुद्धी' छापतात. इतका लांब शब्द पाठ करणाऱ्या मुलाला मी तरी दोन गुण जास्तीचे द्यावेत या मताचा आहे. त्यानं दोन्ही पाठ केले, दोन्ही लिहिले, दोन्ही बरोबर आले, आणि मन खातं म्हणजे काय होतं हे त्याला त्याच्या बोलीत पक्कं माहीत असूनही या दोन्ही शब्दांशी ते कधी जोडलं गेलं नाही.

चांगले शिक्षक यातून वाट काढतात. वर्गातल्याच एखाद्या चुणचुणीत मुलाला मधे घालतात: मास्तर मराठीत सांगणार, तो पावरीत सांगणार, मग वर्गात हशा पिकणार आणि शब्द बसणार. परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला पहिल्या वर्षी याशिवाय गत्यंतरच नसतं. नर्मदाकाठच्या बुडिताच्या गावांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नर्मदा बचाव आंदोलनानं ज्या जीवनशाळा चालवल्या, त्यांनी लहान वर्गांत मुलांची बोली उघडपणे वर्गात आणली. युनेस्कोनं १९५३ च्या अहवालात मातृभाषेतून सुरुवात करा असं सांगून ठेवलंच होतं. आपल्याकडे ते सगळ्यांना मान्य असतं, फक्त मातृभाषा कोणती हे ठरवताना गडबड होते. अलीकडे केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं 'आदि वाणी' नावाचं भाषांतराचं अॅप आणलंय, त्यात भिली आहे. ती मुख्यतः मध्य प्रदेशातली. सातपुड्याच्या अलीकडच्या बोलींना त्याचा किती उपयोग होतो ते वापरणारेच ठरवतील.

दहावीच्या पेपराकडे येऊ. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तृतीय भाषेचा पेपर ८० गुणांचा, २० गुण अंतर्गत. 'माय इंग्लिश कोर्सबुक' हे पुस्तक. पेपराच्या सुरुवातीलाच शब्दांचे खेळ येतात: अपूर्ण शब्द पुरे करा, शब्द वर्णक्रमानं लावा, एका मोठ्या शब्दातल्या अक्षरांतून चार छोटे शब्द तयार करा, शब्दसाखळी पुरी करा. साखळीत आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरानं पुढचा सुरू करायचा. परीक्षा घेणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. घोकंपट्टीतून मुलाला बाहेर काढावं, जवळचे शब्द वापरू द्यावेत. पण मराठी मुलूख परीक्षेला कमी लेखत नाही. खेळाचीही यादी झाली. शेवटी 'ई' आला तर एलिफंट, 'टी' आला तर टायगर. 'वाय'नं सुरू होणारी नामं मोजकीच, म्हणून आयुष्यात कधी न पाहिलेला याक दहावीच्या वहीत ठाण मांडून बसतो. सातपुड्यातल्या पोराला याक आणि फोल दोन्ही येतात.

मला या युक्त्यांचा राग येत नाही. उत्तीर्ण होणं ही खरी गरज आहे आणि नियमही तसे मऊ केलेले आहेत: तीन भाषांत मिळून १०५ गुण आणि प्रत्येकीत किमान २५ असले तरी गाडी पुढे जाते. साखळीचे, अक्षरांचे, वर्णक्रमाचे गुण पदरात पाडून, उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून, पत्राचा सांगाडा पाठ करून पंचविशी गाठता येते. मुलांना आणि मास्तरांना हे गणित तोंडपाठ असतं. एका अर्थानं ही व्यवस्थेनं केलेली दयाच आहे. दया म्हणून ती ठीक, शिक्षण म्हणून तिच्याकडे बघितलं की अडचण होते.

आता रोजच्या पाच शब्दांकडे. महाराष्ट्रातल्या शाळेत परिपाठ असतो: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, आणि आजचे इंग्रजी शब्द. फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज पाच शब्द अर्थासह लिहायचे, मुलांनी वहीत उतरवायचे. २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. तर हिशेब करा. वर्षाला २०० दिवस शाळा, रोज पाच, म्हणजे वर्षाला १,००० शब्द. दहावीपर्यंत १०,०००. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये अंदाज मांडला, की कोणाच्या मदतीशिवाय इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. एका मूळ शब्दापासून झालेली सगळी रूपं मिळून एक कूळ. त्या हिशेबानं आपल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेतून दहावी झालेली मुलं इंग्रजी कादंबऱ्या वाचत बसलेली दिसायला हवीत.

दिसत नाहीत, याचं पहिलं कारण हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्येच लिहून ठेवलंय. त्यानं स्वतःवरच प्रयोग केले, निरर्थक अक्षरसमूह पाठ केले आणि किती वेळानं किती विसरतो ते मोजलं. सुरुवातीला झपाट्यानं विसरलं जातं, नंतर वेग मंदावतो. थोड्या थोड्या अंतरानं पुन्हा भेट झाली तर टिकतं. फळ्यावरचे सोमवारचे पाच शब्द मंगळवारी पुसले जातात आणि पुन्हा कधीच भेटत नाहीत. सेबास्टियान लाइटनर यानं १९७० च्या दशकात यावर साधा उपाय लोकप्रिय केला: चिठ्ठ्या, आणि एका खोक्यात काही कप्पे. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात जातो आणि उशिरा परत भेटतो, न आलेला पहिल्या कप्प्यात येतो आणि उद्याच पुन्हा भेटतो. पुठ्ठ्याच्या खोक्यावर आणि जुन्या वह्यांच्या कागदावर हे होतं, पैसा लागत नाही. ज्या शिक्षकांनी वर्गात असलं काही केलंय त्यांच्या पोरांच्या लक्षात शब्द राहतात.

दुसरं कारण अधिक खोल आहे, आणि ते समजून घ्यायला ढाक्याला जावं लागतं.

मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बंगालमध्ये होता, ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बंगाली मुलांना इंग्रजी शिकवताना त्याच्या लक्षात आलं, की अभ्यासक्रम सगळा पुरा करणाऱ्या मुलासाठी आखलेला आहे आणि बहुतेक मुलं तो पुरा न करताच शाळा सोडतात. १९२६ मध्ये त्यानं द्वैभाषिकतेवर पुस्तक लिहिलं, त्यात एक कल्पना मांडली: सरेंडर व्हॅल्यू. आयुर्विमा घेतलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. हप्ते मधेच थांबले तर हातात काय पडतं? काही पॉलिस्यांत पहिल्या वर्षांत काहीच पडत नाही. वेस्टचं म्हणणं, इंग्रजीचं शिक्षण असं आखा की तिसऱ्या वर्षी शाळा सोडणाऱ्यालाही काहीतरी वाचता यावं. त्यासाठी त्यानं शब्द वारंवारतेनं निवडले, जे सगळ्यात जास्त वेळा भेटतात ते आधी. त्या थोड्या शब्दांत लिहिलेली छोटी पुस्तकं काढली. नवा शब्द आला की तो पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा येईल अशी व्यवस्था केली. १९५३ मध्ये त्याची सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशी शब्द या दोन हजारांतलेच असतात.

शंभर वर्षांपूर्वीच्या बंगालवरून निघालेला हा प्रश्न आजच्या नंदुरबारला असा चपखल बसतो की दचकायला होतं. इथे दिवाळी झाली की घरं रिकामी होऊ लागतात. सातपुड्यातल्या अस्तंबा शिखराची यात्रा उरकते, आणि ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामाला माणसं गुजरातच्या वाटेला लागतात. ज्यांची मुलं आश्रमशाळेत आहेत ती बहुधा राहतात. बाकीच्यांतली काही आईबापांसोबत जातात, काही धाकट्या भावंडांना सांभाळायला जातात. परत येतात तेव्हा पाचाचे पन्नास शब्द पुढे गेलेले असतात. आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण अनेक वर्षं होतं, म्हणून नाव पटावर राहायचं. मग नववी, मग दहावी, आणि प्रत्येक पायरीवर थोडी गळती. शिक्षण सोडलं त्या दिवशी त्या मुलाच्या हातात इंग्रजी किती? फोल, ने, स्टेबल, आणि याक. दोन हजार सर्वाधिक भेटणाऱ्या शब्दांतले किती त्याला वाक्यात ओळखता येतील, हे कोणी तपासत नाही, कारण परीक्षेत तसा प्रश्न नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण क्रम उलटा लावलाय. दुर्मीळ शब्द आधी, नेहमीचे नंतर. सुटे शब्द भरपूर, वाक्यं कमी. जुन्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आपण थट्टा करतो, तर्खडकरी इंग्रजी म्हणून हसतो. त्यातली वाक्यं रुक्ष होती यात शंका नाही. तरी तिथे शब्द वाक्यात यायचा, पुढच्या पाठात परत यायचा, आणि मुलाला स्वतः वाक्य बनवावं लागायचं. बाजारात मिळणाऱ्या 'प्रगत शब्दसंग्रह' छापाच्या पुस्तिकांत हे तिन्ही नाही.

आणि प्रगत शब्दसंग्रह हवा कोणाला, कधी? इथे मला या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग दिसतो. हवा असतो तो अकरावीच्या विज्ञान शाखेतल्या मुलाला, पहिल्याच आठवड्यात.

महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावी विज्ञान इंग्रजीत. काही शाळांत सेमी इंग्रजी असतं, म्हणजे गणित आणि विज्ञान आधीपासून इंग्रजीत. त्या मुलांना धक्का कमी बसतो. बाकीच्यांना दहावीला ८० टक्के मिळालेले असतात आणि भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडल्यावर आपण नापास झालो असं वाटतं. फिजिक्समधल्या व्याख्या त्यांना मराठीत येत असतात. अडतं ते दुसऱ्याच शब्दांशी: डिराइव्ह, ऑब्टेन, अझ्यूम, इंडिकेट, एस्टिमेट, रिस्पेक्टिव्हली, नेग्लिजिबल, हेन्स. हे शब्द कुठल्या एका शास्त्राचे नाहीत, सगळ्या पुस्तकांत सारखे भेटतात. आणि कोणी शिकवत नाही, कारण इंग्रजीच्या शिक्षकाला ते विज्ञानाचे वाटतात आणि विज्ञानाच्या शिक्षकाला इंग्रजीचे. न्यूझीलंडच्याच अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अशा शब्दांची यादी केली, ५७० शब्दकुळांची. शास्त्रीय आणि विद्यापीठीय लेखनातला सुमारे दहावा हिस्सा या ५७० कुळांनी व्यापलेला असतो. पाचाच्या हिशेबानं ११४ दिवस. दहावी संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंतच्या सुट्टीतच यातले बरेच शब्द उरकतील. मोठी गोष्ट नाही. फक्त तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही पुस्तिकेत ही यादी नाही, आणि जे आहे ते शंभर समूहवाचक नामं आणि पन्नास म्हणी.

वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतही देता येते, ही मोठी सोय आहे. पण अकरावी-बारावीचं पुस्तक इंग्रजी, शिकवणी इंग्रजी, प्रश्नसंच इंग्रजी, आणि पेपर तेवढा मराठी, हा उलटा प्रवास झाला. धडगावच्या मुलीला ती सोय घ्यायची तर आधी इंग्रजीत शिकलेलं मराठीत आणायचं, आणि तेही प्रमाण शास्त्रीय मराठीत, जी तिच्या घरी कधी बोलली गेली नाही.

यातून गेलेली माणसं आहेत. त्यात सगळ्यात ठळक नाव डॉ. राजेंद्र भारूड यांचं. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, भिल्ल कुटुंबातले, आईच्या कष्टावर वाढलेले. गावच्या शाळेतून अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात गेले, मग मुंबईत सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, २०१३ च्या तुकडीतून भारतीय प्रशासकीय सेवेत आले, आणि नंतर नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून काम केलं. 'मी एक स्वप्न पाहिलं' हे त्यांचं आत्मकथन २०१४ चं. त्यांच्यावरचे लेख नेहमी जिद्दीवर संपतात. जिद्द होतीच. मला मात्र त्या गोष्टीत नवोदयाच्या रचनेकडे बोट दाखवावंसं वाटतं. नवोदयाची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीत देता येते. भाषेचा भागही मराठीतच असतो. इंग्रजी आलं पाहिजे ही प्रवेशाची अट नाही. आत गेल्यावर सुरुवातीचे वर्ग प्रादेशिक भाषेत, आणि पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत. मधल्या दोन-तीन वर्षांत मूल इंग्रजीत राहतं: वर्गात, वाचनालयात, सूचनाफलकावर, दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलांशी बोलताना. शब्दाची पुन्हा पुन्हा भेट व्हावी म्हणून खोका लागत नाही, दिवसच तसा असतो. फक्त एका नवोदयात वर्षाला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. सहा तालुक्यांच्या जिल्ह्याला एवढ्या जागा किती पुरणार, ते सांगायला नको. आदिवासी विकास विभागाची नामांकित निवासी इंग्रजी शाळांची योजना आहे, एकलव्य शाळा आहेत. त्यांनीही काही मुलं उचलली. उरलेली हजारो मुलं फळ्याच्या कोपऱ्यातल्या पाच शब्दांवर.

त्यांच्यासाठी काय करता येईल यावर मोठी भाषणं होतात, मी छोट्या गोष्टी सांगतो. वाचनपेटीत सोपी इंग्रजी पुस्तकं असावीत आणि ती कपाटाबाहेर असावीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर २०१५ पासून हजारो चित्रगोष्टी फुकट आहेत, एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत शेजारी ठेवून वाचता येते. रेंज मिळेल तिथे एकदा उतरवून घेतल्या की पुढे रेंज नको. फळ्यावर पाच सुटे शब्द लिहिण्याऐवजी एक वाक्य लिहावं, त्यात एकच नवा शब्द असावा, आणि तोच शब्द आठवडाभर वेगवेगळ्या वाक्यांत यावा. शिष्यवृत्तीला प्राणी विचारायचे तर विचारा, पण घोडा बाजारात विकत घेऊ द्या, शेळी हरवू द्या, कोणीतरी ती शोधू द्या. बोलीतून अर्थ सांगणाऱ्या मुलाला वर्गात मान असावा. बहुतेक आश्रमशाळांत असा एक तरी असतोच, त्याला कोणी पद दिलेलं नसतं.

परीक्षेच्या तारखांवरही एक शब्द. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च होती आणि होळी १३ मार्चला. मैदानी महाराष्ट्राला होळी म्हणजे एका संध्याकाळची पुरणपोळी. सातपुड्यात ती वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार, मग गावोगाव वेगवेगळ्या रात्री होळ्या, अक्कलकुव्यातल्या काठीची राजवाडी होळी, रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू. कामाला गेलेली माणसं कुठूनही परत येतात. त्याच दिवसांत आश्रमशाळेच्या खोलीत बसून पोरानं भूमिती आणि इतिहास वाचावा अशी आपली अपेक्षा. मंडळाला नाशिक विभागातल्या एका कोपऱ्यासाठी राज्याचं वेळापत्रक हलवता येणार नाही हे मला मान्य आहे. निदान दरवर्षी उपस्थितीवरून मुलांना बोलणं बंद करावं.

शेवटी परत वेस्टच्या प्रश्नाकडे, कारण त्याचं उत्तर इथे शेतात सापडतं. नंदुरबार हे मिरचीचं मोठं मार्केट. हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. मिरचीवर फवारणी होते, कापसावर होते. फवारणी करणारा बऱ्याचदा आठवी-नववीत शाळा सोडलेला पोरगा असतो. औषधाच्या डब्यावर चौकोनात रंग असतो: लाल म्हणजे अतिविषारी, पिवळा त्याखाली, मग निळा, मग हिरवा. त्याशेजारी बारीक अक्षरांत इंग्रजी आणि हिंदी मजकूर. शेक वेल. डायल्यूट. अव्हॉइड इनहेलेशन. अँटिडोट. डू नॉट रीयूज द कंटेनर. सगळे मिळून तीस-चाळीस शब्द, बहुतेक नेहमीचे, दोन-चार अवघड. आठ वर्षं रोज पाच शब्द उतरवून घेतलेल्या मुलाला ते वाचता आले, तर त्याच्या शिक्षणाला सरेंडर व्हॅल्यू आहे. दहावीच्या पेपरात माहितीचं रूपांतर नावाचा पाच गुणांचा प्रश्न असतो. तक्ता किंवा आकृती देतात आणि त्यावरून परिच्छेद लिहायला सांगतात. तिथे एखाद्या वर्षी फवारणीच्या डब्यावरचं लेबल द्यायला पाठ्यक्रमाची काही आडकाठी नाही.